चौथ्या भागाचं तुझं अर्धं

प्रज्ञा, मला एका जागी बसवत नाहीये. चहा टाकते आणि बाल्कनीत जाते, तिथून आत येते तो चहा उतू गेलेला. परवा दूध आणायला म्हणून खाली उतरले, कोपर स्टेशनला वळसा घातला आणि हात हलवत परत आले. नवरा म्हणाला, दूध? मी म्हटलं, कसलं दूध? रडू येतं म्हणावं तर तेही धड येत नाही. डोक्यात सारखं भांडण चालू आहे. तुझं-माझं, चौथ्या भागावरून.

संपलं कुठे होतं गं ते? तू भांडण अर्ध्यावर टाकून जाणाऱ्यांतली नव्हतीस. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दारात माणूस आला, तरी तुझा मुद्दा पुरा झाल्याशिवाय तू फोन ठेवायची नाहीस. मी कंटाळून ‘बरं बाई, तुझंच खरं’ म्हटलं तर आणखी भडकायचीस. म्हणायचीस, ‘शितले, मला जिंकायचं नाहीये, तुला पटवायचंय.’ मग आता कोण पटवणार मला? ताप आला काय, ‘व्हायरल आहे गं, दोन दिवसांत शाळेत जाईन’ म्हणालीस काय, आणि सरळ निघूनच गेलीस. ही काय पद्धत झाली?

आता हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यांना काही कळायला नको का? म्हणून थोडं पहिल्यापासून सांगते. तुला सगळं पाठ आहे, पण मध्ये बोलू नकोस.

‘वारेराखी’ ही आपली पुस्तकं. आठवीत होतो आपण पहिला भाग आला तेव्हा. त्या मुलखात लोक गुरं राखतात तसे वारे राखतात. कुंदी नावाची अनाथ पोरगी आणि तिला वाढवणारी धुरपा म्हातारी, दोघी मिळून वाऱ्यांचा कळप चरायला नेतात. प्रत्येक वाऱ्याला नाव आहे, खोड आहे. आणि तिकडे गडावर मुकी राणी बसलीय, जिला सगळे वारे कोंडून ठेवायचेत. एवढीच गोष्ट. पण मोहन्याच्या कॉलनीत, जिथे संध्याकाळी पोरं मैदानात आणि पोरी नळावर, तिथे आपण दोघी कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली उभ्या राहून ‘हा कुठला वारा असेल गं?’ म्हणत असायचो. तुझी आई वरून ओरडायची, ‘वारा मोजून झाला असंल तर पाणी भरा.’

दुसरा भाग आला तेव्हा बाबांनी कल्याणच्या प्रदर्शनातून एकच प्रत आणलेली. मी पहिली, तू पहिली, यावरून आपण वेण्या ओढेपर्यंत भांडलो. मग तू माझ्या बाबांच्या दाढीचं ब्लेड घेतलंस आणि पुस्तक मधोमध कापलंस. मला आठवतंय, मी किंचाळलेले. आईनं दोघींना झोडपलं, तुला जरा कमी, कारण तू शेजारची. पण संध्याकाळी आपण जिन्यात बसून वाचत होतो, तू पहिलं अर्धं आणि मी दुसरं. तेव्हापासून तीच रीत पडली. नियम तूच केलेस. बरोब्बर निम्म्यावर कापायचं, मग तिथे धडा संपो न संपो, वाक्य तुटलं तरी चालेल. कुणाला कुठलं अर्धं ते छापा-काटा करून ठरवायचं. आणि आपल्या अर्ध्यावर कुरकुर चालेल, पण त्यातली गोष्ट समोरचीला फोडायची नाही. दोघींचं वाचून झालं की अदलाबदल, आणि मग कल्याणच्या बाइंडर काकांकडून शिवून आणायचं. ते काका कपाळावर हात मारायचे. ‘लोक फाटलेलं आणतात, तुम्ही फाडून आणता.’

पुढे आम्ही कॉलनी सोडून कोपरला आलो. तू तिथेच राहिलीस, शाळेत मराठी शिकवायला लागलीस. मी कोलशेतला औषधांच्या कंपनीत क्वालिटीला लागले. तू चिडवायचीस, ‘दोष काढायचा पगार घेतेस, घरी तरी गप बस.’ आणि तू? तू जगाला पायरीचे मार्क देत फिरायचीस. उत्तर चुकलं तरी पोरानं दोन ओळी मनापासून लिहिल्या असतील तर त्याचा अर्धा मार्क. माझ्याकडे एका बाटलीचं लेबल वाकडं निघालं की अख्खी बॅच बाजूला. एकच गोष्ट तू खपवून घ्यायची नाहीस, लांबण. पोरानं निबंध ताणला की एक मार्क कापलाच.

तिसऱ्यानंतर चौथा भाग येईस्तोवर आपल्या डोक्यात पांढरे केस आले. लिहिणाऱ्या बाईंनी मधली वर्षं काय केलं कोण जाणे. पुस्तक आलं त्या शनिवारी आपण कल्याणला भेटलो. दोघींना दोन प्रती परवडत होत्या आता. पण तू एकच घेतलीस, सरळ बाइंडर काकांच्या टेबलावर नेऊन ठेवलीस आणि म्हणालीस, ‘कापा.’ काका म्हातारे झालेत, त्यांनी चष्मा वर करून आपल्याला ओळखलं आणि म्हणाले, ‘अजून अक्कल आली नाही का?’ छापा पडला. तुला पहिलं अर्धं, मला दुसरं. माझं तोंड एवढंसं झालं. तू मला शेजारच्या गाड्यावर शेवपुरी खिलवलीस आणि म्हणालीस, ‘आधी कळस मग पाया, तुझं नशीबच तसलं.’

आणि मग आपलं भांडण सुरू झालं.

माझं अर्धं कुठून सुरू होत होतं माहितीये ना? वाक्याच्या मध्यातून. पहिल्या पानावरचे पहिले शब्द, ‘येणार नाही तुझ्याबरोबर. तुझं तुला जायचंय.’ आणि पुढच्याच ओळीत कुंदी पायऱ्या उतरून चालायला लागलेली, धुरपा मागे पडवीत एकटी. मी कोलशेतच्या बसस्टॉपवर उभी राहून वाचलं आणि माझं टाळकं फिरलं. ज्या म्हातारीनं हिला अंगाखांद्यावर वाढवलं, तिला ही पोरगी तोंडावर ‘येणार नाही’ म्हणते? मी तिथूनच तुला फोन लावला. म्हटलं, ‘तुझी कुंदी कृतघ्न निघाली. पहिल्याच ओळीत कळलं मला.’ तू मग हसायला लागलीस. मी म्हटलं, ‘हसतेस काय?’ तर म्हणालीस, ‘काही नाही, तू वाच. चिडून वाचतेस तेव्हा नीट वाचतेस.’

मग रोजच. मी म्हणायचे, हा नावाड्यांचा राजपुत्र कशाला आणलाय मध्येच? गाणी म्हणतो, होडी बुडवतो, आणि पुढे काहीच करत नाही. तू म्हणायचीस, धीर धर, त्याचं काहीतरी असेल. मी म्हणायचे, नकाशा चुकलाय. कापायच्या आधी दुकानात मी तो नीट पाहिलेला, त्यात गड नदीच्या अलीकडे आणि गोष्टीत पलीकडे. तू म्हणालीस, ‘पुरात नदीनं पात्र बदललं असेल. आपली उल्हास काय कमी नाटकं करते?’ अशा वकिलाला काय म्हणणार? तू तुझ्या अर्ध्याबद्दल काही सांगायची नाहीस. एवढंच म्हणायचीस, ‘शीतल, पडवीचा धडा वाचशील ना, मग बोल.’ कुठली पडवी, कसला धडा, मला काय कळणार? आणि माझं अर्धं सगळं धावपळीचं. प्रत्येक पानावर कुणीतरी पळतंय, काहीतरी जळतंय. म्हटलं, बाईंना पुस्तक संपवायची घाई झालीय.

आणि मग ते वाक्य आलं. ‘पहाटे धुरपा गेली.’

झालं. पुढच्या वाक्यात कुंदीनं वारे मोकळे केले आणि गडाची वाट धरली. मी पान उलटून पाहिलं, एखादं पान चिकटलंय का म्हणून. नाही. चार भाग जिला वाढवलं, जिच्या जिवावर आपली शाळा-कॉलेजची वर्षं गेली, तिला तीन शब्द? मी इतकी संतापले की नियमबियम सगळं विसरले. तुला फोन लावून म्हटलं, ‘प्रज्ञा, ऐक, ती धुरपा–’ आणि तू काय केलंस? मिक्सर चालू केलास! फोन मिक्सरजवळ धरून बसलीस. मी इकडून ओरडतेय आणि तिकडून नुसती घरघर. मिक्सर थांबला की मी ‘धुरपा’ म्हणायचे, की परत घरघर. शेवटी मीच हसायला लागले. तू म्हणालीस, ‘नियम म्हणजे नियम. रविवारी भेटू, बदलून घेऊ, मग काय ते भांड. मी तयारी करून येते.’

रविवार आलाच नाही आपल्याला. गुरुवारी मी कंपनीत लाइनवर उभी होते आणि तुझ्या भावाचा मेसेज आला. ‘ताई गेली.’

मी फोन खिशात टाकला. पुढची बाटली उचलली, झाकण ढिलं होतं, बाजूला ठेवली. त्याच्या पुढची उचलली. मग पुन्हा फोन काढून वाचलं. आणि खरं सांगते, मला पहिल्यांदा तू नाही आठवलीस. मला ते पान आठवलं. मी त्या बाईंना चार दिवस शिव्या घालत होते की असं कुणी लिहितं का, माणूस असं जातं का. तुझ्या भावानं तर एक शब्द आणखी कमी लिहिलेला.

पुण्यानुमोदनाला मोहन्याला आले. विहाराचा हॉल भरलेला, सगळे पांढऱ्या कपड्यांत, बाहेर चपलांचा ढीग. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील घेतलं, मग एकेक जण उठून बोलायला लागलं. तुझ्या मोठ्या बाई बोलल्या, किती गुणी, किती कष्टाळू. कॉलनीतले काका बोलले. सगळं खरं होतं, पण मला वाटत होतं, हे कुणाबद्दल बोलतायत? मिक्सर लावणारी बाई यात कुठेच नाही. मग तुझ्या भावानं माइकवरून माझं नाव घेतलं. मी उठले. समोर तुझा फोटो, हार घातलेला, आणि त्यात तू ते शाळेच्या गॅदरिंगचं शहाणं हसू हसतेयस. मी म्हटलं, ‘प्रज्ञाला चौथा भाग आवडला होता. मला नाही आवडला.’ आणि बसले.

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्यानं मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तुझ्या आईनं मागे वळून पाहिलं आणि त्या सगळ्या रडण्यात त्यांच्या तोंडावर हसल्यासारखं काहीतरी हललं. निघताना त्यांनी मला आत बोलावलं आणि उशाखालून तुझं अर्धं काढून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, ‘रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायची. माझ्या डोळ्याला आता अक्षर लागत नाही. तुझ्याकडं पुढचं हाय ना? एकदा ये आन वाचून दाखव.’ आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून हळूच विचारलं, ‘शीतल, ती धुरपा जगते का गं?’

काय सांगणार होते मी? म्हटलं, ‘नियम आहे काकू. सांगायचं नाही.’

घरी येऊन तुझं अर्धं तसंच टेबलावर ठेवलं. हात लावायची हिंमत होईना. त्याच्या आजूबाजूनं नुसती फिरत राहिले, फडकं मारलं, टेबल सरकवलं. ते वाचलं की आपलं भांडण संपणार, आणि भांडण संपलं की मग तू खरंच नाहीस. पण काकू वाट बघत होत्या. शेवटी रजा टाकली आणि सकाळी घर रिकामं झाल्यावर बसले.

अगं लबाड! प्रत्येक धड्याच्या शेवटी पेन्सिलीनं मार्क! धडा पहिला, सात. धडा दुसरा, साडेसहा. आणि नावाड्यांचा राजपुत्र येतो तिथे दहापैकी दोन, आणि शेजारी, ‘हा कशाला आलाय?’ फोनवर मला काय काय सुनावत होतीस! धीर धर म्हणे, त्याचं काहीतरी असेल म्हणे. नकाशाच्या कोपऱ्यात तर चक्क प्रश्नचिन्ह काढलंयस. म्हणजे सगळं दिसत होतं तुला. नुसती भांडायची हौस. मी एकटी बसून इतक्या मोठ्यांदा हसले की शेजारच्या वहिनींनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक ना?

मग पडवीचा धडा आला. त्यात काहीच घडत नाही. धुरपा पडवीत बसून भाकरी थापते आणि कुंदीला एकेका वाऱ्याच्या खोडी सांगते. हा रुसतो, याला आधी हाक मारायची. हा आंधळा आहे, याला कड्याकडे नेऊ नकोस. हा माझ्यामागे खाणार नाही काही दिवस, त्याला जबरदस्ती करू नकोस. ती कुंदी कंटाळलीय, माश्या हाकलतेय, तिला वाटतंय म्हातारी तेच तेच बोलते. वाचणाऱ्याला कळतं, तिला कळत नाही. शेवटी धुरपा स्वतःची काठी तिच्या हातात देते, ‘जरा धर, माझे हात पिठाचे आहेत’ म्हणून. आणि परत मागत नाही. त्या धड्याच्या शेवटी तू दहा दिलेस. तू! पहिल्या नंबराच्या पोरालाही साडेनऊवर अडवणारी.

तुझ्या अर्ध्याचं शेवटचं पान. कुंदी म्हणते, ‘चल, उठ, आपल्याला निघायला हवं.’ आणि धुरपा तिचा हात धरते आणि म्हणते, ‘मी’. तिथे पुस्तक संपतं. तिथे काकांनी कापलं.

मी माझं अर्धं आणलं आणि शेजारी लावलं. ‘मी येणार नाही तुझ्याबरोबर. तुझं तुला जायचंय.’ म्हातारी बोलली होती, प्रज्ञा. कुंदी नाही. महिनाभर मी त्या पोरीला कृतघ्न म्हणत होते, तिच्या प्रत्येक पावलावर चिडत होते, आणि ती बिचारी म्हातारीनं पाठवलं म्हणून चालत होती. मी माझं अख्खं अर्धं परत वाचलं. सगळं तेच, पण मी पहिल्यांदा वाचलेलं ते पुस्तकच वेगळं होतं. धावपळ आहे, हो, पण ती घाईनं लिहिल्याची नाही, ती कुंदीची आहे. थांबली तर मागे वळेल म्हणून धावते ती. आणि वाऱ्यांच्या बाजाराचा धडा, जिथे लोक पिशवीतून झुळूक विकत नेतात, तो बाईंनी काय लिहिलाय गं! तो तुझ्या वाटणीला आलाच नाही, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. तू त्याला नक्की नऊ दिले असतेस. शेवटी मुकी राणी एका गाण्यानं पाघळते आणि गडाचे दरवाजे उघडते, ते मात्र मला अजून पटलेलं नाही, आणि तू असतीस तरी मी पटवून घेतलं नसतं.

पुढच्या रविवारी मोहन्याला गेले. रिक्षात बसून मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. ठरवलं होतं, ते पान आलं की मी माझं भरणार. धुरपाला शांत झोप लागली, कुंदीचा हात तिच्या कपाळावर होता, सगळे वारे उंबऱ्याशी येऊन बसले, असं काहीबाही. काकूंना काय कळणार होतं? ज्या बाईची लेक आत्ता गेलीय तिला ते तीन शब्द कसे वाचून दाखवायचे?

काकू मेथी निवडत बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, ‘कुठपर्यंत आलेलो आपण?’ जशी काही मी रोज येत होते. मी म्हटलं, ‘मी-पर्यंत.’ त्यांनी मान हलवली. ‘वाच.’

मी वाचलं, ‘येणार नाही तुझ्याबरोबर. तुझं तुला जायचंय.’ त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, ‘म्हातारी म्हणाली ना हे? प्रज्ञा बोललीच होती. म्हणली, आई, ही आता मागं राहणार बघ. आन हसायला लागली. म्हणली, ती शीतल येडी उगाच कुंदीवर डाफरतीय, तिला वाटतंय कुंदी बोलली. मी म्हणलं, मग सांग की तिला फोन करून. तर म्हणती कशी, नाही, नियम हाय, रविवारी तिचं तोंड बघायचंय मला.’

तर हे होतं तुझं हसू. माझं तोंड बघायचं होतं तुला. मी पुस्तक तोंडासमोर धरून बसले. काकू म्हणाल्या, ‘पाणी पी आन वाच.’

वाचत गेले. मेथी निवडून झाली, काकूंनी चहा केला, मी वाचतच होते. बाजाराच्या धड्याला त्या हसल्या, राजपुत्राला म्हणाल्या, ‘ह्याला कामधंदा न्हाई का?’ आणि मग ते पान आलं. माझी वाक्यं तयार होती. मी तोंड उघडलं, आणि मला मिक्सरची घरघर आठवली. नियम म्हणजे नियम. जसं आहे तसं वाचलं. ‘पहाटे धुरपा गेली.’

‘थांब,’ काकू म्हणाल्या. ‘एवढंच?’

‘एवढंच.’

‘चार चार पुस्तकं वाढवलं तिला. आन एवढंच?’

शब्दन् शब्द माझाच होता गं तो. मी म्हणायला हवं होतं, काकू, हेच तर मी ओरडत होते. पण मी काय म्हटलं ऐक. म्हटलं, ‘काकू, पडवीत बसून सगळं सांगून झालं होतं ना तिचं. काठी पण दिली होती. तुम्ही ऐकलंय ते. आणि त्या पोरीला त्या वेळी दुसरं काय सुचणार? माणूस गेलं की पहिल्यांदा तेवढंच कळतं. थोडे पायरीचे मार्क द्या की बाईंना.’ मी बोलत होते आणि मला ऐकू येत होतं की हा मुद्दा माझा नाही. हा तुझा आहे. तू तयारी करून येणार होतीस ना, तीच ही तयारी असणार. तुझी बाजू मांडायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी मांडली.

काकूंनी मग पदरानं तोंड पुसलं. ‘तिच्यासारखीच वकिली करतीयस. पण मला न्हाई पटत. मला नुसतं सांगायला आलेले, गेली. डॉक्टर पण तेवढंच बोलला, पोरगा पण तेवढंच बोलला. एवढी माझी पोरगी, बडबडी, भांडखोर, आन तिचं एका शब्दात उरकून टाकलं सगळ्यांनी.’ त्यांचा आवाज चढला. ‘त्या बाईनं न्हाई लिहिलं तर न्हाई लिहिलं. पण तू माझ्या प्रज्ञाचं एका ओळीत संपवू नकोस. तुला लिहिता येतं ना? मग लिही. आन मला येऊन वाचून दाखव.’

निघताना मी विचारलं, दोन्ही अर्धी बाइंडर काकांकडून शिवून आणू का? काकू नको म्हणाल्या. तुझं अर्धं त्यांनी परत उशाखाली ठेवलं. माझं माझ्याकडे आहे.

आणि मी हे लिहितेय. कधी ओट्याशी उभी राहून, कधी कोलशेतच्या स्टॉपवर, मध्येच उठून, परत बसून. रविवारी मोहन्याला जाऊन काकूंना वाचून दाखवायचंय. लांबलंय, मला दिसतंय. आणखी लांबणार आहे. काप मार्क.